३०१८ सीएनसीवर लेझर: वायरिंग, सेटिंग आणि जळक्या ठिपक्यांचा बंदोबस्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी ३०१८ सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर कोरणारं छोटं मशीन) आहे, त्यावर जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारं फर्मवेअर) चा बोर्ड आणि २४ व्होल्टचा सप्लाय. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, काढून ५ वॅटचं निळं डायोड लेझर मॉड्यूल बसवलं. लेझर लागतो, पण अक्षरांच्या कोपऱ्यांवर काळे ठिपके पडतात, भरीव भागात आडवे पट्टे दिसतात, आणि फोटो कोरायला घेतला की मशीन ठरवलेल्या वेगाच्या निम्म्यानेही पळत नाही. १० वॅटचं मॉड्यूल घेतलं तर हे सुटेल का?

नाही सुटणार. तिन्ही तक्रारींचा वॅटशी संबंध नाही. ठिपके एका सेटिंगमुळे येतात, पट्टे यांत्रिक ढिलाईमुळे किंवा सप्लायमुळे, आणि वेग ॲक्सिलरेशनमुळे अडतो. जास्त वॅटचं मॉड्यूल लावलंत तर हेच दोष आणखी काळे होऊन दिसतील. पैसे राखून ठेवा आणि खालच्या क्रमाने तपासत जा. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत; मशीनला पाठवताना नेहमीची रोमन अक्षरं आणि आकडेच टाइप करायचे.

सुरुवात गॉगलपासून. ४४५ ते ४५५ नॅनोमीटरचा ५ वॅटचा किरण चौथ्या वर्गातला आहे. थेट किरणच नव्हे, चकचकीत पृष्ठभागावरून उसळलेला किरणही डोळा कायमचा अधू करू शकतो, आणि पापणी मिटण्याच्या आत ते होऊन गेलेलं असतं. मॉड्यूलसोबत फुकट येणाऱ्या हिरव्या प्लॅस्टिकच्या चष्म्यावर बहुतेक वेळा काहीच छापलेलं नसतं. तो बाजूला ठेवा. ज्यावर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी आकडा दोन्ही छापलेत असाच गॉगल घ्या. ४५० नॅनोमीटरला ओडी ५ म्हणजे लाखातला एक भाग प्रकाश आत येतो. गॉगल खोलीतल्या प्रत्येकाला लागतो, दारातून डोकावणाऱ्या पोरांनाही. त्यामुळे निळा प्रकाश अडवणाऱ्या, प्रमाणित नारिंगी शीटची पेटी आणि तिच्या झाकणाला मायक्रोस्विच हा खरा उपाय. स्विच मॉड्यूलच्या १२ व्होल्टच्या लाइनमध्ये घाला, सिग्नलच्या लाइनमध्ये नको. झाकण उघडलं की लेझरची वीजच तुटली पाहिजे.

वायरिंग

मॉड्यूलला बहुधा तीन वायर असतात: प्लस, ग्राउंड आणि पीडब्ल्यूएम, म्हणजे पॉवर किती हवी ते सांगणारा सिग्नल. रंगावर भरवसा ठेवू नका. पिनांचा क्रम प्रत्येक बनावटीचा वेगळा असतो, आणि सॉकेटमध्ये प्लग छान बसला म्हणजे जोडणी बरोबर आहे असं मुळीच नाही. बोर्डाचा १२ व्होल्ट मॉड्यूलच्या पीडब्ल्यूएम पिनवर गेला तर आतला ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा.

म्हणून मॉड्यूल न जोडता आधी सॉकेट मोजा. मल्टिमीटरची काळी प्रोब बोर्डाच्या ग्राउंडला लावा आणि तिन्ही पिना तपासा. एकीवर १२ व्होल्ट दिसायला हवेत. काही बोर्डांवर तिथे थेट २४ येतात. मॉड्यूलच्या लेबलवर १२ असेल तर तिथे ते लावायचं नाही. आता स्पिंडलचा प्लग उपसून ठेवा, कारण या बोर्डांवर स्पिंडल आणि लेझर यांना बहुधा एकच सिग्नल जातो. लेझरची चाचणी घेताना मोकळा ७७५ मोटर गरगरायला लागेल. मग जीआरबीएलच्या सेटिंगांत $३०=१००० (एसचा, म्हणजे पॉवरचा, कमाल आकडा), $३१=० (किमान) आणि तात्पुरतं $३२=० (लेझर मोड बंद) ठेवून ‘एम३ एस१०००’ (चालू, पूर्ण पॉवर) पाठवा: सिग्नलच्या पिनवर ५ व्होल्टच्या आसपास. ‘एम३ एस५००’: अडीचच्या आसपास. ‘एम५’ (बंद): शून्य. हे तीन आकडे जुळले की बोर्ड निर्दोष आहे, आणि पुढे काही बिनसलं तर दोष मॉड्यूलमध्ये किंवा वायरमध्ये शोधायचा.

आर्डुइनो ऊनो बोर्ड आणि त्यावर बसणारी सीएनसी शील्ड व्ही३ अशी जोडणी असेल तर इथे हमखास गोंधळ होतो. शील्ड छापली गेली ती जुन्या जीआरबीएलच्या हिशेबाने. १.१ मध्ये पीडब्ल्यूएम निघतो पिन ११ वर, आणि शील्डवर त्या जागी झेड लिमिट असं छापलेलं आहे. ‘स्पिंडल एनेबल’ असं छापलेल्या पिनवर वायर लावून लोक लेझर का लागत नाही म्हणून तासन्‌तास डोकं खाजवतात.

सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर लावा. बोर्ड सुरू होताना आणि रीसेट होताना ती पिन क्षणभर अधांतरी असते. काही मॉड्यूल अधांतरी सिग्नलला ‘पूर्ण पॉवर’ असं समजतात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ‘कनेक्ट’ दाबताच लाकडावर भोक. दोन रुपयांचा रेझिस्टर हे थांबवतो. वायर सैल होऊन निघाली तरी तो उपयोगी पडावा म्हणून तो बोर्डाच्या नव्हे, मॉड्यूलच्या टोकाला सोल्डर करा.

आता सप्लाय. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले ‘२० वॅट’, ‘४० वॅट’ हे बहुधा विजेचे असतात. प्रकाशाचे खरे वॅट वेगळे. सध्याच्या मॉड्यूलमध्ये एक निळा डायोड साधारण ५ वॅट प्रकाश देतो. १० वॅटच्या मॉड्यूलमध्ये दोन डायोडचे किरण एकत्र आणलेले असतात. ५ वॅट प्रकाशाचं मॉड्यूल १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढतं, पंखा धरून थोडं जास्त. बोर्डावरच्या छोट्या कन्व्हर्टरकडून एवढा करंट सलग तासभर मागणं धोक्याचं आहे. तो तापतो, व्होल्टेज बसतं आणि कोरीव काम मधेच फिकं पडतं. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावा. वेगळा सप्लाय लावला की त्याचा मायनस बोर्डाच्या ग्राउंडला जोडणं सक्तीचं आहे. ती एक वायर राहिली तर सिग्नलला संदर्भच उरत नाही, लेझर एक तर लागत नाही किंवा विझत नाही. एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या स्क्रूंवर झाकण हवं, आणि मशीनची ॲल्युमिनियमची चौकट अर्थिंगला जोडलेली हवी. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थ येतोय का हे आधी तपासा. पुष्कळ घरांत ते भोक नावालाच असतं.

वीज जाण्याबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि बऱ्याच बोर्डांची चिप यूएसबीच्या ५ व्होल्टवर जागी असते. त्यामुळे लाइट गेली की मोटर आणि लेझर थांबतात, पण जीआरबीएलला त्याचा पत्ताच नसतो. तो मजेत पुढच्या ओळी वाचत राहतो. दोन मिनिटांनी लाइट आली की लेझर पेटतो आणि मशीन आहे त्या जागेवरून, पण नकाशातल्या भलत्याच ठिकाणचं काम कोरायला लागतं. लाइट गेल्या क्षणी सॉफ्टवेअरमधून काम थांबवा आणि लेझरच्या सप्लायचं बटण बंद करा. मूळ ३०१८ ला लिमिट स्विच (टोक आल्याचं सांगणारे) नसतात, म्हणजे होमिंग (मशीनने स्वतः शून्य शोधणं) नाही. म्हणून शून्याच्या जागी बेडवर टेप लावून त्यावर बारीक फुली कोरून ठेवा, तिथून पुन्हा जुळवता येतं.

ठिपके: $३२ आणि एम४

काही बदलण्याआधी ‘$$’ पाठवून सेटिंगांची सगळी यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवा. मग $३०=१०००, $३१=०, $३२=१.

$३२=० असताना जीआरबीएल लेझरला स्पिंडल समजतो. एसचा आकडा बदलला की तो मशीन पूर्ण थांबवतो, नवा वेग लावतो, मग निघतो. स्पिंडलला हे ठीक आहे. लेझर मात्र त्या थांब्यात पेटलेलाच असतो, आणि तेवढ्या क्षणात लाकडात खळगा पडतो. तुमचे ठिपके हेच आहेत. $३२=१ केलं की चालता चालता पॉवर बदलते, आणि जी० च्या रिकाम्या धावेत लेझर आपोआप विझतो.

तरी कोपरे काळेच राहत असतील तर फाइलमध्ये एम३ आहे की एम४ ते पाहा. एम३ मध्ये पॉवर ठरलेली राहते, मशीन हळू झालं तरीही. कोपऱ्यावर मशीनला वेग कमी करावाच लागतो, म्हणजे तिथे प्रत्येक मिलिमीटरला जास्त उष्णता मिळते. एम४ मध्ये जीआरबीएल प्रत्यक्ष वेगाच्या प्रमाणात पॉवर उतरवतो आणि थांबल्यावर विझवतो. कोरण्यासाठी नेहमी एम४. जाड प्लाय कापताना एम३ चालतो, कारण तिथे वेग मुळातच कमी असतो आणि कोपरा आरपार जाणं जास्त महत्त्वाचं. लाइटबर्न या लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये मशीन जोडताना ‘जीआरबीएल’ निवडा. ‘जीआरबीएल-एम३’ हा पर्याय जुन्या फर्मवेअरसाठी आहे. लेझरजीआरबीएल फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं, आणि त्यातही एम३-एम४ निवडता येतं. मशीनसोबत येणारं कँडल जी-कोड पाठवायला ठीक, चित्रांसाठी नाही.

सॉफ्टवेअरमधला एसचा कमाल आकडा आणि $३० एकच असले पाहिजेत. स्पिंडलच्या काळातलं $३०=१०००० तसंच राहिलं आणि सॉफ्टवेअर कमाल १००० पाठवत असेल, तर १०० टक्के सांगूनही लेझर १० टक्क्यांवरच चालेल. उलट $३०=२५५ असेल तर पाव भागाच्या वरच्या सगळ्या छटा एकसारख्या काळ्या. ‘लेझर कमजोर निघाला’ म्हणून परत पाठवलेल्या मॉड्यूलांपैकी बरीचशी इथेच अडलेली असावीत असा माझा संशय आहे.

वेग का मिळत नाही

याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे, कारण मशीनची खरी मर्यादा त्यातून कळते.

३०१८ चा स्क्रू टी८, एका फेऱ्यात ४ मि.मी. मोटरचे २०० स्टेप, त्यांचे १६ भाग, म्हणजे मिलिमीटरला ८०० स्टेप; म्हणून $१००=८००. या चिपवर जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० स्टेप देऊ शकतो. म्हणजे ३७.५ मि.मी. प्रति सेकंद, मिनिटाला २२५०. ही कागदावरची कमाल. लांब टी८ स्क्रू त्याच्या आधीच थरथरू लागतो, म्हणून व्यवहारात १५०० ते २००० धरा. बेल्टवर पळणाऱ्या लेझर मशीनच्या व्हिडिओतले ६००० वगैरे आकडे इथे लागू नाहीत.

आता $१२०, म्हणजे एक्सचं (आडव्या दिशेचं) ॲक्सिलरेशन, वेग किती झपाट्याने वाढतो तो आकडा. बऱ्याच ३०१८ मध्ये ते ३० किंवा त्याहून कमी ठेवलेलं येतं. १५०० वेगाला, म्हणजे सेकंदाला २५ मि.मी. पर्यंत पोचायला ३० च्या ॲक्सिलरेशनने ०.८३ सेकंद आणि १०.४ मि.मी. लागतात. तेवढंच अंतर थांबायला. १०० × १०० मि.मी. चं भरीव चित्र ०.१ मि.मी. अंतराने कोरायचं तर १००० ओळी. ओळींचे ६७ मिनिटं, आणि प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना वेग धरण्या-सोडण्यात गेलेली आणखी २८. एकूण ९५. हेच $१२०=१०० केलं तर टोकाचं अंतर ३.१ मि.मी. होतं आणि काम ७५ मिनिटांत आटोपतं.

टोकांच्या या अंतराला ओव्हरस्कॅन म्हणतात. ते दिलं नाही तर ओळीची सुरुवात आणि शेवट मशीन हळू असतानाच कोरले जातात. एम४ पॉवर कमी करून सांभाळून घेतो, पण डायोड फार कमी करंटला किरणच देत नाही, त्यामुळे टोकं फिकी पडतात. सॉफ्टवेअरचं आयतं मूल्य या मशीनला अनेकदा अपुरं पडतं. वेगाचा (सेकंदाला मि.मी. मधल्या) वर्ग भागिले ॲक्सिलरेशनची दुप्पट, असं अंतर स्वतः काढा आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना तेवढी जागा मोकळी सोडा, नाहीतर लिमिट स्विच नसलेली गँट्री (लेझर घेऊन सरकणारा भाग) चौकटीवर जाऊन आदळेल.

फोटोचा वेग मात्र आणखी एका ठिकाणी अडतो. राखाडी छटांच्या चित्रात जवळपास प्रत्येक बिंदू ही एक स्वतंत्र हालचाल असते, ०.१ मि.मी. ची. जीआरबीएलच्या हातात एका वेळी पुढच्या १५ हालचाली असतात, आणि पंधरावीनंतर थांबावं लागेल असं गृहीत धरूनच तो वेग ठरवतो. म्हणजे त्याला दीड मिलिमीटरच्या पुढचं दिसत नाही. दीड मिलिमीटरमध्ये थांबता येईल असा वेग, ३० च्या ॲक्सिलरेशनला: सेकंदाला साडेनऊ मि.मी., मिनिटाला सुमारे ५७०. तुम्ही १५०० मागितले, मिळाले ५७०. यूएसबी केबल किंवा लॅपटॉप बदलून यात काही फरक पडणार नाही. $१२०=१०० केल्यावर हाच आकडा १०४० होतो. दुसरा मार्ग म्हणजे राखाडी छटांऐवजी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र करणं, ज्याला डिदरिंग म्हणतात. त्यात सलग काळे किंवा सलग पांढरे बिंदू एका हालचालीत बांधले जातात. लाकडावर डायोड लेझरच्या राखाडी छटा तशाही बेभरवशाच्या. लाकडाचे रेषे त्या खाऊन टाकतात. माझं मत विचाराल तर प्लायवर डिदरिंगच.

ॲक्सिलरेशन वाढवायचं कसं? ३० वरून ५०, ७०, १०० असं. प्रत्येक पायरीला एक कागद बेडवर टेपने चिकटवा, शून्यावर बारीक ठिपका पाडा, वीस-तीस वेगवान उलटसुलट धावा द्या, शून्यावर परत आणून पुन्हा ठिपका पाडा. दोन्ही ठिपके एकमेकांवर पडले तर पुढची पायरी. सरकले तर स्टेप चुकल्या, तिथून पाव भाग मागे या. स्पिंडल काढल्याने गँट्री हलकी झालेली असते, म्हणून एक्स बरंच वाढवता येतं. वायवर सगळा बेड आणि त्यावरचं लाकूड हलतं, $१२१ ला फार ताणू नका. एक्समध्ये ओळी कोरताना त्याची गरजही नाही. चाचणीआधी स्क्रू पुसून त्याला थोडं पातळ तेल द्या. एमडीएफ कापल्यावरची पिठासारखी भुकटी स्क्रूवर बसली असेल तर कुठलाच आकडा जमणार नाही.

फोकस

मॉड्यूलसोबत फोकसचा ठोकळा येतो, तो ढोबळ जागा सांगतो. नेमकी जागा अशी काढा: ३०० मि.मी. लांबीची सपाट पट्टी एका टोकाला १० मि.मी. उंच करून एक्सच्या दिशेने बेडवर घट्ट ठेवा. लेन्सची उंची मधल्या भागात ठोकळ्याने लावा आणि ‘एक्स’मध्ये एक सरळ रेघ मारा, २० टक्के पॉवर, वेग १०००. रेघ टोकांना जाड आणि कुठेतरी मध्ये केसासारखी बारीक येईल. त्या बारीक जागेपासून लेन्सच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर कॅलिपरने मोजा. तेच तुमचं फोकसचं अंतर. ॲक्रिलिकचा तेवढा तुकडा कापून मशीनलाच बांधून ठेवा. झेडचा प्रवास जेमतेम ४५ मि.मी. असतो, त्यामुळे मॉड्यूल कंसात बसवतानाच ते झेडच्या मधोमध येईल असं बसवा. जाड वस्तू आली तर वर जायला जागा हवी, पातळ कागद आला तर खाली.

मॉड्यूलचं अंग चौकोनी, ३०१८ चा कंस गोल. कागदाच्या घड्या कोंबून बसवू नका, ती थरथर थेट चित्रात उतरते. थ्रीडी प्रिंट केलेला किंवा ॲल्युमिनियम पट्टीचा अडॅप्टर करा, आणि मॉड्यूलच्या हीटसिंकभोवती हवा खेळती ठेवा.

डायोडचा ठिपका गोल नसतो, आयताकृती असतो. एक आडवी आणि एक उभी रेघ मारून दोन्हींची जाडी बघा. आडव्या ओळींनी कोरताना ओळींमधलं अंतर आडव्या रेघेच्या जाडीइतकं ठेवायचं. रेघ ०.२ ची आणि अंतर ०.१ चं असेल तर प्रत्येक जागा दोनदा जळते, आणि बारीक अक्षरं भरून जातात. ०.१ मि.मी. म्हणजे इंचाला २५४ ओळी. या मशीनला त्याहून बारीक जाण्यात वेळेशिवाय काही खर्च होत नाही आणि हाती काही लागत नाही.

पट्टे आणि दातेरी कडा

पट्ट्यांमधलं अंतर मोजा. बरोबर ४ मि.मी. ने परत येत असतील तर वायचा स्क्रू वाकलेला आहे किंवा कपलरमध्ये (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या भागात) तिरका बसलाय: एक फेरा, एक पट्टा. कपलरचे बारीक ग्रब स्क्रू सैल असणं हा ३०१८ चा पिढीजात आजार. ते उघडून, मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवर आणून पुन्हा आवळा. पट्टे अनियमित असतील आणि फ्रिज किंवा पंप सुरू होताना येत असतील तर दोष सप्लायचा. चित्र हळूहळू एकाच दिशेने फिकं होत गेलं असेल तर लेन्सवर काजळी बसली आहे किंवा मॉड्यूल तापलंय. लेन्स ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने, न दाबता, एकदाच फिरवून पुसा. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन लेन्सवर थर धरतं.

उभ्या कडा दातेरी दिसत असतील, म्हणजे एक ओळ डावीकडे आणि पुढची उजवीकडे सरकलेली, तर एकाच दिशेने कोरून बघा. दोष गेला तर दोनपैकी एक कारण. ५०० आणि १५०० अशा दोन वेगांना दात मोजा. दोन्हीकडे सारखेच असतील तर नटमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश. स्प्रिंगवाला नट घट्ट करा किंवा बदला. वेगाबरोबर दात वाढत असतील तर लेझर पेटायला लागणारा उशीर. लाइटबर्नमध्ये त्या वेगासाठी स्कॅनिंग ऑफसेट भरा, मोजलेल्या अंतराच्या निम्मा, कारण येतानाची आणि जातानाची ओळ प्रत्येकी तेवढीच सरकलेली असते.

कशावर काय चालतं

आकडे विचारणाऱ्याला सरळ उत्तर नसतं, तरी सुरुवात इथून करा: ५ वॅट प्रकाश, प्लायवर कोरीव काम ६० टक्के, १५०० वेग, ०.१ अंतर. ३ मि.मी. प्लाय कापायला १०० टक्के, वेग १५० ते २००, तीन-चार फेऱ्या आणि हवेचा झोत. मग त्याच फळीच्या कोपऱ्यात पॉवर आणि वेगाचा तक्ता कोरून आपले आकडे ठरवा. कोकणात पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि तोच आकडा फिका उमटतो. तक्ता त्याच दिवशी, त्याच फळीवर.

हार्डवेअरच्या दुकानातला आयएस ७१० चा मरीन प्लाय या कामाला नको. त्यातला फिनॉलिक गोंद पाण्याला दाद देत नाही, तसा निळ्या लेझरलाही देत नाही. वरचा पापुद्रा कापला जातो, गोंदाशी येऊन किरण अडतो आणि कडा कोळसा होतात. शिवणसारखं फिकं, एकसारखं लाकूड छान उमटतं. सागात तेल आणि वर्षांची ठळक वलयं, त्यामुळे अक्षरं ठीक, फोटो डागाळलेला. कोरण्याआधी मास्किंग टेप लावली तर धुराचे पिवळे डाग टेपवर जातात.

पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा किरण आरपार जातो आणि खालचा बेड जाळतो. काळं ॲक्रिलिक चालतं. कोल्हापुरी चपलेसाठी झाडाच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात तसल्या चामड्यावर कोरीव काम सुरेख येतं, २० ते ३० टक्क्यांत. क्रोम कमावलेलं चामडं टाळा. आणि रेक्झिन कधीच नाही: ते बहुतेक पीव्हीसी असतं, जाळल्यावर हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसांना घातक आणि मशीनच्या रॉडवर दोन दिवसांत गंज. कापडासारखं दिसणारं अनोळखी साहित्य आलं तर तांब्याची तार तापवून त्यावर टेकवा आणि ती तार मोकळ्या हवेत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, ते साहित्य परत करा. एबीएसही नको.

हवेच्या झोताला कोरताना मत्स्यालयाच्या पंपाइतका जोर पुरतो, तो फक्त धूर लेन्सपासून लांब ठेवतो. कापताना जास्त हवा लागते. कोरतानाही जोराची हवा मारली तर धूर खाली दाबला जाऊन अक्षरांभोवती तपकिरी छाया पडते. धूर खिडकीबाहेर नेणारा पंखा मागच्या बाजूला लावा; एमडीएफच्या गोंदाचा धूर बंद खोलीत घ्यायचा नाही. पाण्याचा फवारा हाताशी, अग्निशामक दाराशी, आणि चालू मशीन सोडून चहाला जायचं नाही.

परत स्पिंडल लावताना लेझरचा प्लग आधी काढा, मॉड्यूल उतरवून डबीत ठेवा, कारण राउटिंगची भुकटी लेन्सच्या खाचेत घुसली की निघत नाही. मग $३२=० आणि जपून ठेवलेल्या यादीतलं जुनं $३०, $१२०, $१२१. $३२ एकवर राहिलं तर एम३ नंतर जीआरबीएल स्पिंडलला वेग धरायला थांबत नाही, आणि न फिरणारं बिट लाकडात घुसून मोडतं. दोन मॅक्रो करून ठेवा, एक लेझरचा, एक स्पिंडलचा. लाइटबर्न आणि कँडल दोन्हींत तशी बटणं करता येतात.